अक्कांचं मौन

“अक्काला मीठ पाहिजे,” कुसुमवन्सं म्हणाल्या.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, आणि कुसुमवन्सं त्यांची थोरली लेक, माझी नणंद. अक्कांनी उजव्या हाताचं एक बोट वर केलं होतं. एक बोट म्हणजे मीठ, दोन बोटं म्हणजे पाणी, पंजा आडवा हलवला की पुरे. ही सगळी खुणांची भाषा वन्संना तोंडपाठ होती आणि ती मुद्दाम न शिकण्याचा मी हट्टच धरला होता. एकादशीचा फराळ चालला होता. मी भगरीचं पातेलं खाली ठेवलं, उठले, फडताळातून सैंधवाची वाटी काढली आणि अक्कांच्या पानाशी ठेवली.

अक्कांनी मान हलवली. मीठ नको होतं.

“मग काय पाहिजे?” मी विचारलं, आणि विचारता विचारता माझी मलाच चीड आली. उत्तर येणार नाही हे ठाऊक असताना विचारायचं कशाला?

सव्वीस वर्षं झाली या गोष्टीला, तरी ती चीड तश्शी आठवते. त्या आषाढी एकादशीला अक्कांनी जेवताना मौन धरलं होतं, ते पार कार्तिकीपर्यंत. जेवण असो की फराळ, पानावर बसलं की तोंडातून शब्द काढायचा नाही. चुकून बोलल्या तर हात धुऊन उठायचं आणि त्या वेळी पुन्हा अन्नाला शिवायचं नाही. चातुर्मासात बार्शीतल्या बायका असे नेम धरतातच. कोणी वांगं सोडतं, कोणी एक वेळ जेवतं. पण अक्कांनी बोलणं सोडलं म्हटल्यावर आमच्या गल्लीला चार दिवस दुसरा विषय नव्हता. त्या जेवताना बोलायच्या म्हणजे केवढ्या! पहिल्या घासाला भाजी अळणी, दुसऱ्याला भाकरी जाड, आणि तिसऱ्यापासून त्यांच्या माहेरी हेच सगळं कसं करायचे त्याचं वर्णन. अकरा वर्षांच्या संसारात मी त्यांच्या शेजारी बसून एकही जेवण शांतपणे जेवले नव्हते.

आणि आता शांतता होती तर ती मला सोसवत नव्हती. त्याचं कारण असं, की त्याच आठवड्यात मी बी.एड. करायला सोलापूरला गेले होते. आठ वर्षं मी इथल्या एका शाळेत शिकवत होते, पण माझं प्रशिक्षण झालेलं नव्हतं. दर जूनला नवी नेमणूक आणि एप्रिलात घरी. मुख्याध्यापकांनी बजावून सांगितलं होतं की बी.एड. नसेल तर पुढच्या वर्षी येऊ नका. प्रवेश मिळाला. सोमवारी पहाटे जायचं, सहा दिवस वसतिगृहात राहायचं, शनिवारी संध्याकाळी परत. नवऱ्याचं, श्रीरंगचं, शाळेचे गणवेश शिवायचं दुकान. तो सकाळी नऊला जायचा तो रात्री उगवायचा. मुलगी शलाका सहा वर्षांची. तेव्हा सगळं घर अक्कांच्या गळ्यात पडणार होतं. मी भीत भीत विचारलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, “जा की. घर काय पळून जातंय?”

मी गेले, आणि पहिल्याच रविवारी घरी येऊन पानावर बसते तर अक्कांच्या तोंडाला कुलूप. बरं, हा नेम फक्त जेवणापुरता. एरवी त्या कामापुरतं बोलत. पण आम्ही सगळे एकत्र बसायचो ते रविवारी दुपारी, तेवढंच. वन्संचं सासर याच गावात, त्याही रविवारी यायच्या. त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, की अक्का तुला जा म्हणाली खरी, पण मनातून तिला पटलेलं नाही. आता तोंड उघडलं तर वाकडंच निघेल, म्हणून तिनं तोंडच बंद केलंय. मला ते पटलं. इतकं पटलं, की पुढचे सगळे रविवार मी अक्कांच्या शेजारच्या पाटावर बसून त्यांच्या तोंडावर राग शोधत राहिले. एकदा त्या गहू निवडत असताना सरळ विचारलंही, माझ्यावर रागावलात का. त्या म्हणाल्या, “रागवायला मला येळ कुठाय?” यातून काय ते समजून घ्या.

नावं ठेवा, भाजी अळणी म्हणा, पण काहीतरी बोला, असं मला ओरडावंसं वाटायचं. कोणी रुसून बसलं की माझं डोकं फिरतं. भांडण परवडलं.

तर हा अकरावा रविवार. भाद्रपदातली दुसरी एकादशी आणि रविवार एकाच दिवशी आले होते. शलाकाला उपास नव्हता, ती वरणभात खाऊन शेजारी खेळायला गेली होती. आम्ही चौघं फराळाला बसलो होतो. भगर, शेंगदाण्याची आमटी आणि सुरणाची भाजी. सुरण मी केला होता, फोडी जरा मोठ्याच राहिल्या होत्या. सकाळपासून मी शुक्रवारच्या पाठाचं टिपण पुन्हा नीट लिहीत बसले होते, त्यामुळे उशीर झाला आणि घाईघाईत चिरला.

तो शुक्रवारचा पाठ काय होता तेही सांगते, कारण त्याची मला अजून लाज वाटते. कॉलेजात आमचं दोन दिवसांचं प्रथमोपचार शिबिर झालं होतं. त्यावरच मी आठवी ब च्या मुलींचा सराव पाठ घेतला: घशात घास अडकल्यास काय करावे. टिपणात मी लाल शाईनं अधोरेखित केलं होतं, की ज्याचा घास पूर्ण अडकतो तो खोकत नाही, ओरडत नाही, तो गप्प होतो. म्हणून आधी त्याला विचारावे, ‘बोलता येतंय का?’ हे वाक्य मी मुलींकडून दोनदा म्हणवून घेतलं. निरीक्षक बाईंनी वहीत शेरा मारला, ‘आशयज्ञान उत्तम, फळ्याचा वापर कमी.’ त्या शेऱ्यावर मी दोन दिवस धुमसत होते.

मिठाला नको म्हटल्यावर अक्कांनी हात गळ्याशी नेला आणि बोटं गळ्यावर पसरली.

“सुरण खाजतोय म्हणतीय,” वन्संनी सांगितलं. “आमसूल घातलं न्हाईस का गं, हेमा?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुरण मी मिठाच्या पाण्यात भिजवला होता, हाताला तेल लावून चिरला होता, मोजून सहा आमसुलं घातली होती. हे सगळं मी एका दमात ऐकवलं. वन्संनी एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटून चघळली आणि म्हणाल्या की मलाही जरा जरा जाणवतंय. मी श्रीरंगकडं पाहिलं. त्यानंही एक फोड घेतली. न्याय करायला बसवल्यासारखा तो ती सावकाश खात राहिला, आणि अखेर त्यानं निकाल दिला की आपल्याला तर काही खाजत नाही. वन्सं म्हणाल्या की तुझी जीभ पहिल्यापासून जाडच आहे. मी म्हटलं, खाजत असता तर मला नसता का खाजला? आणि मीही एक फोड खाल्ली.

आम्ही तिघं सुरण चावत, सुरणावर वाद घालत बसलो होतो, आणि अक्का आमच्या मधोमध बसल्या होत्या.

त्यांनी हात जमिनीवर आपटला. आमटीची वाटी कलंडली.

“बघ, रागावली,” वन्सं म्हणाल्या. श्रीरंग मला म्हणाला की तू जरा गप्प बस ना. मी तोपर्यंत अक्कांना काहीच बोलले नव्हते. ते ऐकल्यावर मात्र बोलले.

“अक्का, जे काय असेल ते एकदाचं तोंडानं सांगून टाका. अकरा रविवार वाट बघतेय मी.”

अक्का उठायला लागल्या. एक हात पाटावर टेकवून त्या अर्ध्या उठल्याही, पण वन्संनी दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरून त्यांना खाली बसवलं. पानावरून उठली की आजचा फराळ संपला, म्हातारीला दिवसभर निर्जळी घडेल, ही त्यांची काळजी. “उठू नगं, अक्का, हिच्याकडं लक्ष देऊ नगं,” असं म्हणत त्या त्यांना दाबून धरून बसल्या. अक्का लेकीच्या हाताला ओरबाडत होत्या आणि वन्सं म्हणत होत्या, बघ, किती मनाला लावून घेतलंय हिनं.

तेव्हा पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडाकडं राग शोधायला नव्हे, तर नुसतंच पाहिलं. तोंड उघडं होतं. घास चावला जात नव्हता. आवाज अजिबात नव्हता, ठसका नाही, खोकला नाही, श्वासाचाही नाही. नाकपुड्या आत ओढल्या जात होत्या आणि ओठांचा रंग जांभळाकडं झुकला होता.

“अक्का, बोलता येतंय का?” मी विचारलं.

“अगं, नेम हाय तिचा,” वन्सं माझ्यावर खेकसल्या. “ती कशी बोलंल?”

आठवी ब ला शिकवलेलं सगळं ज्ञान त्या एका वाक्यापुढं पालथं पडलं. रोग्यानं मौन धरलेलं असेल तर काय करावे, हे माझ्या टिपणात नव्हतं. मी अक्कांचे दोन्ही गाल हातांत धरले आणि म्हटलं, “नेम मोडा, अक्का. नेम गेला खड्ड्यात. माझं नाव घ्या.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ओठ हलले, नावाचं पहिलं अक्षर ओठांवर दिसलं, पण बाहेर काहीच आलं नाही.

पुढचं भराभर झालं. श्रीरंगनं पाण्याचं भांडं त्यांच्या तोंडाला लावलं होतं, ते मी हात मारून उडवलं. अडकलेल्यावर पाणी म्हणजे जीव घेणंच. वन्संना कोपरानं ढकललं, अक्कांना उभं केलं, एका हातानं छातीशी आधार देऊन पुढं वाकवलं आणि दुसऱ्या तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं दोन्ही खांद्यांच्या मध्ये जोरात मारलं. एक, दोन. वन्सं किंचाळल्या. सून सासूला मारतेय, एवढंच त्यांना दिसत होतं. तिसऱ्या वेळी श्रीरंगनं माझं मनगट धरलं.

“काय करतेस? आई आहे ती माझी.”

“हात सोडा. त्या मरतायत.”

असं मी नवऱ्याशी कधी बोलले नव्हते. त्यानं हात सोडला. पाच फटके झाले तरी काही सुटलं नाही. मग मी त्यांच्या मागं गेले, कमरेभोवती हात घातले, मूठ वळून पोटावर ठेवली, दुसऱ्या हातानं ती धरली आणि आत, वरच्या बाजूला ओढली. काहीच नाही. अक्कांचं नऊवारी, मूठ सगळी ओच्याच्या जाड गाठीवर पडत होती. सोलापूरच्या शिबिरात आम्ही पाचवारी नेसलेल्या मैत्रिणींवर सराव केला होता. मूठ ओच्याच्या वर, बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली घेतली. पुन्हा ओढली. अक्का माझ्या हातांत सैल पडायला लागल्या होत्या. तिसऱ्यांदा ओढली. चौथ्यांदा ओढली तेव्हा सुरणाची अख्खी फोड बाहेर उडाली आणि वन्संच्या पानात पडली.

मग श्वास आत ओढल्याचा तो भयंकर आवाज झाला, आणि त्यामागं खोकला. इतका गोड खोकला मी आयुष्यात ऐकला नाही. अक्का भिंतीला टेकून खाली बसल्या, बराच वेळ खोकल्या आणि मग घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, “पाणी.”

“मोडला की गं नेम,” असं म्हणून वन्सं रडायला लागल्या.

मी त्या वेळी वन्संना काय बोलले ते इथं लिहीत नाही.

असं पोट दाबल्यावर आत कुठं इजा झाली नाही ना हे डॉक्टरांना दाखवायचं असतं, तेही मला माहीत होतं. डॉक्टर गुजर आमच्याच पेठेत राहायचे. रिक्षानं मी आणि श्रीरंग अक्कांना घेऊन गेलो. त्यांनी पोट तपासलं, छाती ऐकली, घसा बघितला. बरगड्या दोन-चार दिवस दुखतील म्हणाले. मी सगळं कसं घडलं ते सांगायला लागले, नेमामुळं आम्हाला कळलंच नाही असं सांगितलं, तर डॉक्टर चष्मा काढून माझ्याकडं बघायला लागले.

“कसला नेम? जेवताना बोलायचं नाही हे मीच सांगितलं होतं यांना. ज्येष्ठात. तुम्हाला ठाऊक नाही?”

ठाऊक कोणाला होतं? ज्येष्ठात एका सकाळी अक्कांचं तोंड तासाभरासाठी वाकडं झालं होतं आणि मग आपोआप सरळ आलं होतं. त्या एकट्याच चालत दवाखान्यात आल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा मेंदूचा लहानसा झटका होता, गिळायच्या स्नायूंत थोडा कमजोरपणा आलाय. मऊ खायचं, घास लहान घ्यायचा, हनुवटी खाली घेऊन गिळायचं आणि जेवताना अजिबात बोलायचं नाही. गोळ्या दिल्या होत्या. पुढच्या वेळी मुलाला बरोबर आणा असंही सांगितलं होतं. अक्कांनी दोनदा सांगितलं की मुलाला सगळं माहीत आहे, त्याला दुकानातून वेळ मिळत नाही.

श्रीरंग खाली मान घालून ऐकत होता. अक्का खिडकीतून बाहेर बघत होत्या.

घरी आलो तेव्हा पाच वाजले होते. वन्सं अजून तिथंच होत्या. त्यांनी ओसरी सारवावी तसं स्वयंपाकघर तीनदा पुसून काढलं होतं. मी अक्कांना खाटेवर बसवलं आणि रिक्षात दाबून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं. अकरा आठवडे आम्हाला मूर्ख बनवलंत. आज जीव गेला असता. आणि कशापायी? मला का सांगितलं नाहीत?

“सांगून काय झालं असतं?” अक्का म्हणाल्या. आवाज अजून बसलेला होता.

“मी गेले नसते सोलापूरला.”

“तेच की.”

वन्संनी मधेच विचारलं, “पण मग देवापुढं संकल्प सोडलास त्याचं काय?”

“कसला संकल्प? मी देवापुढं काय बी बोलले न्हाई. आजार म्हटलं की घरातली समदी शहाणी होतात, आणि नेम म्हटला की समदी गप बसतात. म्हणून नेम सांगितला.”

वन्संचा चेहरा बघण्यासारखा झाला. चार गल्ल्यांत त्यांनी आईच्या मौनाचं कौतुक सांगितलं होतं. पण मला हसू आलं नाही. मी तिथंच जाहीर करून टाकलं की कॉलेज सोडलं, उद्यापासून घरी. नोकरी गेली तर गेली. अक्कांनी माझ्याकडं असं पाहिलं, की अळणी भाजीकडंसुद्धा त्यांनी कधी तसं पाहिलं नव्हतं.

“मग मी तोंड कशापायी बंद ठिवलं?” त्या म्हणाल्या. “न्हाई, तू मला सांग. आता तू घरी बसणार म्हणजे माझं समदं मातीत घालणार.”

“आणि पुन्हा अडकलं तर? मी तिकडं, हे दुकानात.”

“तू आज जे केलंस ते ह्या दोघांना शिकव. दुपारी कुसुम येऊन बसंल, सकाळी अन् रात्री हा हाय. शिकवायचंच शिकायला गेलीस न्हवं?”

मी मंगळवारच्या पहिल्या गाडीनं सोलापूरला गेले. परीक्षेत पासही झाले, नोकरीत कायमही झाले, आणि अक्का त्यानंतर नऊ वर्षं जगल्या. भात मऊ, भाजी कुस्करून, आणि रोजची एक गोळी. पण मंगळवारच्या आधी सोमवार होता.

सोमवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, मी माजघरात वर्ग भरवला. वन्सं साडेसातलाच आल्या. फटके कुठं मारायचे ते त्यांना पाचव्या प्रयत्नाला जमलं. मग पोटाचं. मी म्हटलं, आधी माझ्यावर करून दाखवा, फक्त हात लावायचे, दाबायचं नाही. वन्संनी केलं. श्रीरंगची पाळी आली तर गडी जागचा हलेना. आई आणि थोरली बहीण समोर, आणि बायकोच्या कमरेला मागून मिठी घालायची! तो लालबुंद झाला, हात माझ्यापासून वीतभर लांब धरून उभा राहिला आणि म्हणाला की समजलं मला. मी म्हटलं काही समजलेलं नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी चिडले, की माणूस मरत असताना असेच लाजणार आहात का?

“तिला सोड,” अक्का खाटेवरून म्हणाल्या. “घास माझा अडकतो. माझ्यावर शीक.”

मी नको नको म्हणत होते, बरगड्या दुखत असतील. त्या ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. उठून मधोमध येऊन उभ्या राहिल्या, लेकाकडं पाठ करून. श्रीरंग त्यांच्या मागं गेला आणि पुन्हा तसाच थांबला. दसऱ्याला, पाडव्याला तो आईच्या पायांना हात लावायचा. त्यापलीकडं तो मोठा झाल्यापासून त्यानं आईला धरलेलं मी पाहिलं नव्हतं. आमच्या घरात कोणी कोणाला धरायचंच नाही.

“घालू का हात?” त्यानं मला विचारलं. मी हो म्हटलं.

त्यानं हात घातले. दोन्ही हात आईच्या पोटापर्यंत गेले, एकमेकांना भेटले, आणि तरी पुढं जात राहिले. तो थांबला. रोज पन्नास पोरांच्या अंगाभोवती टेप धरणारा माणूस. त्याला काय कळलं ते त्याच्या तोंडावर मी वाचत होते.

“हेमा,” तो हळूच म्हणाला, “हिच्यात काहीच उरलेलं नाहीये गं.”

तो तसाच हातांनी अंदाज घेत राहिला.

“मी अजून छत्तीसच्या मापानं हिच्या चोळ्या शिवतोय. ही तीसचीपण नाही राहिली. खात काय होती ही?”

वन्संनी पदर तोंडात घातला. मी मान खाली घातली. अकरा रविवार मी त्यांच्या शेजारच्या पाटावर बसले होते, आणि अकरा रविवार फक्त त्यांच्या तोंडाकडं बघत होते, त्यात माझ्याबद्दल काय लिहिलंय ते वाचायला. पानात काय वाढलं होतं, काय खाल्लं, काय तसंच राहिलं, एकदाही पाहिलं नव्हतं. आदल्या दिवशी तर याच कमरेला मी स्वतः विळखा घातला होता, आणि तेव्हा माझ्या हातांनाही ते कळलं नव्हतं.

“माप मागनं घे,” अक्का म्हणाल्या. “मूठ कुठं ठेवायची ते तिला इचार.”

मी पुढं झाले. श्रीरंगची मूठ धरून ओच्याच्या वर सरकवली, बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली.

“इथं,” मी म्हटलं. “आणि आत्ता दाबू नका.”

“दाबत नाहीये,” तो म्हणाला. पण हात त्यानं काढले नाहीत, आणि अक्काही काढ म्हणाल्या नाहीत.